शीण कुठे उतरतो, हुरूप कुठून येतो

मावशीच्या फ्रिजच्या दारावर एक यादी चिकटवलेली होती. पहाटे पाचला उठणे, अर्धा तास चालणे, प्राणायाम, आठ ग्लास पाणी, रात्री नऊनंतर मोबाइल बंद. तिच्या सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्या, त्याला तेव्हा तिसरं वर्ष लागलं होतं. घरातल्याच कुणीतरी काळजीपोटी ही यादी करून दिली होती. दीड महिन्यानं मी गेले तेव्हा कागदाच्या कडा तेलकट झाल्या होत्या. मावशी म्हणाली, "अगं, हे आणखी एक काम होऊन बसलंय. रोज रात्री ती यादी बघते आणि रोज नापास होते."

सासूबाईंचा व्यायाम घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. तिनं एकदा निघता निघता विचारलं, "काकू, तीन वर्षं हे सगळं निभावताय. मधूनमधून तरी बरं वाटत असेल ना? कशानंतर वाटतं?" मावशीचा कणीक मळणारा हात थांबला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मंगळवारचं भजन. आणि भिशीचा हिशेब."

भजनाचं आम्हाला ठाऊक होतं. भिशीचा हिशेब हे उत्तर कुणाच्याच डोक्यात नव्हतं. बारा बायकांची भिशी. दर महिन्याला लांब वहीत ती हिशेब मांडते, जमा निळ्या पेनानं, उचल लाल पेनानं, आणि पै न् पै जुळली की त्या रात्री तिला शांत झोप लागते. आम्हाला तो तिच्या डोक्याला आणखी एक व्याप वाटायचा. भिशी सोडून दे, तेवढाच भार हलका होईल, असं मीच तिला दोनदा सांगितलं होतं.

त्या मुलीनं जे विचारलं त्यामागे एक अख्खी विचारपद्धती आहे. समाजकार्यात आणि मानसशास्त्रात तिला बलस्थानांवर आधारलेला दृष्टिकोन म्हणतात. नाव जड आहे, मुद्दा साधा आहे. स्वतःची काळजी घेण्याची सुरुवात आपल्यात काय कमी आहे इथून करायची, की आपण आजवर कशाच्या जोरावर तग धरला इथून करायची? ही पद्धत दुसऱ्या टोकापासून सुरुवात करते.

दमणूक निराळी, मरगळ निराळी

ऊर्जा हा शब्द आपण हल्ली सरसकट वापरतो, पण आपल्या भाषेत त्याहून नेमके शब्द आहेत. दिवसभर कांदे काढून आलेला माणूस दमलेला असतो. अंघोळ करून, जेवून, आडवा झाला की सकाळी त्याची दमणूक गेलेली असते. प्रवासाचा शीण दोन दिवसांनी उतरतो. मरगळीचं तसं नाही. ती आठ तास झोपूनही उठल्याबरोबर उशाशी बसलेली असते. आणि याच्या विरुद्ध टोकाला हुरूप आहे. हुरूप विश्रांतीतून येतोच असं नाही. कित्येकदा तो काम केल्यावरच येतो. लग्नघरात रात्री दोनपर्यंत रांगोळी काढणाऱ्या आत्याला विचारा.

म्हणजे दमणुकीला विश्रांती लागते, आणि मरगळीला बहुतेक वेळा हुरूप लागतो. दुसऱ्या दुखण्यावर पहिलंच औषध देत राहिलं की माणूस रविवारी दिवसभर लोळतो आणि सोमवारी आणखीच आंबलेला उठतो. बलस्थानांची पद्धत प्रामुख्यानं या दुसऱ्या प्रकारासाठी आहे. पहिल्या प्रकारात ती झोपेची जागा घेऊ शकत नाही. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागतेच, त्यात घासाघीस नाही.

हे आलं कुठून

याचं एक मूळ अमेरिकेतल्या कॅन्सास विद्यापीठात आहे. १९८० च्या दशकात तिथल्या समाजकार्य विभागात चार्ल्स रॅप, अ‍ॅन वीक, डेनिस सालीबी ही मंडळी काम करत होती. रॅप आणि त्यांचे सहकारी ज्यांच्यासाठी धडपडत होते ते लोक गंभीर मानसिक आजाराचे होते, इस्पितळाबाहेर वस्तीत राहणारे. अशा माणसाची फाइल उघडली की आजाराचं नाव, लक्षणं, बिघडलेली नाती, न जमणारी कामं यांचीच जंत्री असायची. या मंडळींनी फाइलमध्ये वेगळं लिहायला सुरुवात केली. या माणसाला काय हवंय, काय जमतं, जवळचं कोण आहे, गल्लीत काय काय उपलब्ध आहे. आजार नाकारायचा नव्हता. पण उभं राहायचं तर पाय ठेवायला जागा लागते, आणि ती दुखण्यांच्या जंत्रीत सापडत नाही. आतापर्यंत तुम्ही कसे टिकलात, हा सालीबींच्या प्रश्नांपैकी एक महत्त्वाचा प्रश्न होता. मावशीला विचारला गेलेला प्रश्न याच कुळातला.

दुसरा प्रवाह मानसशास्त्राचा. मार्टिन सेलिगमन १९९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते. आपलं शास्त्र माणसाचं काय बिघडतं याचाच अभ्यास करतं, काय चांगलं चालतं याचाही करायला हवा, असा आग्रह त्यांनी धरला. २००४ मध्ये त्यांनी आणि ख्रिस्तोफर पीटरसन यांनी मिळून माणसाच्या २४ गुणांचं वर्गीकरण मांडलं. कुतूहल, धैर्य, प्रामाणिकपणा, दयाळूपणा, न्यायबुद्धी, सौंदर्याची जाण, कृतज्ञता, विनोदबुद्धी, असे गुण. ते सहा मोठ्या गटांत बसवले आहेत.

यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. हे २४ गुण थोडेफार सगळ्यांत असतात, पण प्रत्येकाचे चार-पाच अगदी स्वतःचे असतात, सही असावी तसे. ते ओळखायच्या खुणा सेलिगमननी दिल्या आहेत. तो गुण वापरताना 'हा खरा मी' असं वाटतं. तो वापरायच्या संधी आपण नकळत शोधत असतो. आणि तो वापरल्यावर गळून जायच्या ऐवजी तरतरी येते. ही शेवटची खूण मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण इथे स्वभावाचा प्रश्न थेट ऊर्जेच्या प्रश्नाला येऊन मिळतो. आपण ज्यात हुशार आहोत आणि आपल्याला ज्यातून हुरूप येतो, या दोन गोष्टी एकच असतील असं नाही. बँकेत वीस वर्षं उत्तम काम केलेला माणूस रोज संध्याकाळी पार गळालेला असू शकतो. काम त्याला येतं, पण ते त्याचं बलस्थान नाही.

नुसतं ओळखून भागत नाही

२००५ मध्ये सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंटरनेटवरून स्वतःहून आलेली ५७७ माणसं. त्यांचे गट पाडून प्रत्येकाला आठवडाभराचा वेगवेगळा उपक्रम दिला. एका गटानं आपले प्रमुख गुण ओळखायचे आणि ते जास्त वापरायचे, एवढंच. दुसऱ्या गटानं त्यातला एखादा गुण रोज नव्या पद्धतीनं वापरायचा. एका गटानं रोज रात्री त्या दिवशी चांगल्या घडलेल्या तीन गोष्टी आणि त्या का घडल्या ते लिहायचं. तुलनेसाठी एक गट रोज रात्री लहानपणच्या आठवणी लिहीत होता.

पहिल्या गटाला बरं वाटलं, पण ते टिकलं नाही. गुण नव्या पद्धतीनं वापरणाऱ्यांचा आणि तीन गोष्टी लिहिणाऱ्यांचा आनंद वाढला, उदासीची लक्षणं कमी झाली, आणि हा फरक सहा महिन्यांपर्यंत दिसला. ज्यांनी आठवडा संपल्यावरही आपणहून उपक्रम चालू ठेवला त्यांना जास्त फायदा झाला.

हे वाचून हुरळून जाऊ नये. २०१२ मध्ये कॅनडात हाच प्रयोग पुन्हा केला गेला. तिथेही आनंद वाढला आणि टिकला, पण नुसत्या चांगल्या आठवणी लिहिणाऱ्यांचाही तसाच वाढला. उदासी कमी करण्यात तर हे उपक्रम तुलनेच्या गटापेक्षा सरस ठरले नाहीत. म्हणजे ही काही जादूची कांडी नाही, आणि नैराश्यावरचा उपचार तर नाहीच. रोजच्या जगण्यातला हुरूप वाढवायची एक बऱ्यापैकी तपासलेली वाट, एवढंच मी तिला मानते आणि तेवढ्यासाठीच सुचवते. पण पहिल्या गटाचं मात्र लक्षात ठेवा. ऑनलाइन चाचणी दिली, गुणांची यादी आली, स्क्रीनशॉट काढून मैत्रिणींना पाठवला आणि संपलं, तर चार दिवसांपलीकडे हाती काही राहत नाही.

आराम म्हणजे फक्त पडणं नव्हे

जर्मन संशोधक साबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रित्झ यांनी २००७ मध्ये कामाच्या थकव्यातून माणूस कसा सावरतो याचे चार प्रकार मांडले. मनानं कामापासून पूर्ण सुटका होणं, शरीर-मन सैल सोडणं, काहीतरी नवं किंवा थोडं अवघड करून त्यात हात बसवणं, आणि फावल्या वेळात काय करायचं हे आपलं आपण ठरवता येणं.

पहिले दोन सगळ्यांना पटतात. तिसऱ्याला आपल्याकडे 'उगाच दगदग' म्हणतात. कामावरून आल्यावर तबल्याच्या क्लासला जाणारा किंवा गच्चीत भाज्या लावणारा माणूस दगदग करून घेत नसतो. त्या तासाभरात त्याला आपण काही करू शकतो याची खात्री परत मिळते, आणि ऑफिसात दिवसभर नेमकी तीच झिजलेली असते. चौथा प्रकार बायकांना बहुतेक वेळा मिळतच नाही. मावशीकडे दुपारी दीड तास मोकळा असायचा, पण कधी आतून हाक येईल याचा भरवसा नाही. असा वेळ घड्याळात दिसतो, अंगी लागत नाही.

कॅलेंडरवरचा खाडा

आता प्रत्यक्षात करायचं काय? मावशीनं जे केलं ते सांगते, कारण ते साधं होतं आणि त्याला एक पैसा लागला नाही.

तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. सगळ्या मराठी घरांसारखं त्यावर दूधवाल्याचा खाडा लिहिलेला असतो, गॅस कधी लावला ते असतं, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या असतात. त्याच चौकोनांत तिनं दोन आठवडे रोज रात्री दोन खुणा करायच्या ठरवल्या. दिवसात ज्यानंतर बरं वाटलं त्याच्यापुढे वर जाणारा बाण, ज्यानंतर गळून गेल्यासारखं झालं त्याच्यापुढे खाली जाणारा. सोबत दोन शब्द. बास.

चौदा दिवसांनी आम्ही दोघींनी ते पान काढून टेबलावर ठेवलं. मला वाटत होतं, खालचे बाण सासूबाईंच्या कामापुढे असतील. अंघोळ, कूस बदलणं, डायपर. तसं नव्हतं. ती कामं तिच्या अंगवळणी पडली होती आणि त्यापुढे बहुतेक वेळा काहीच खूण नव्हती. खालचे बाण होते दुपारच्या फोनपुढे. नणंदा, जावा, पुण्याचे दीर, सगळ्यांना तब्येतीचा तोच वृत्तांत रोज वेगवेगळा सांगायचा आणि वर प्रत्येकाचे सल्ले ऐकायचे.

वरच्या बाणांतही एक गंमत निघाली. एका मंगळवारी भजनापुढे बाण होता, दुसऱ्या मंगळवारी नव्हता. विचारलं तर म्हणाली, "त्या दिवशी नुसती मागे बसून टाळ वाजवली. आधीच्या वेळी दोन नव्या बायकांना चाल शिकवली होती." म्हणजे हुरूप नुसत्या भजनातून येत नव्हता, शिकवण्यातून येत होता. भिशीत नीटनेटकेपणा, भजनात शिकवणं. तिची दोन बलस्थानं आम्हाला दुधाच्या खाड्याशेजारी सापडली.

पुढचं काम जोडणीचं. फोन बंद करणं तिला जमणारं नव्हतं. तिनं संध्याकाळी सहा वाजता घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच आवाजी निरोप टाकायला सुरुवात केली. औषधांचा गोंधळ तिला छळायचा, तर त्यासाठी भिशीच्या वहीसारखीच निळ्या-लाल पेनाची वही केली. पहाटेचं चालणं कधीच जमलं नाही, पण शेजारच्या काकूंना चाल सांगत सांगत भजनाच्या सभागृहापर्यंत चालत जाणं जमलं. रिक्षा सुटली.

बलस्थान वापरायचं म्हणजे हेच. चालायचं सगळ्यांनाच असतं. ज्याला कुतूहल आहे त्यानं चालताना गल्लीतली झाडं ओळखावीत, ज्याला माणसं लागतात त्यानं सोबती शोधावा, ज्याला शिस्त आवडते त्यानं पावलं मोजावीत. सगळ्यांच्या फ्रिजवर एकच यादी लावली की ती कुणाचीच राहत नाही. स्वतःची बलस्थानं स्वतःला दिसत नसतील तर तीन माणसांना विचारा: मी कशात रमलेलो असतो तेव्हा तुला चटकन कळतं? एक घरचं, एक कामावरचं, एक जुनं. आपल्याला जे सहज येतं ते आपण गुण म्हणून मोजतच नाही, 'त्यात काय एवढं' म्हणून सोडून देतो.

अति तिथे माती

बलस्थानाची दुसरी बाजूही आहे. मावशीचा नीटनेटकेपणा इतका, की चादरीची घडी दुसऱ्या कुणी घातली तर ती मोडून पुन्हा घालायची. काकांनी एकदा आईचं अंग पुसून दिलं, तर ते बाहेर गेल्यावर तिनं सगळं नव्यानं केलं. काकांनी ते पाहिलं होतं. नंतर त्यांनी हात लावला नाही. ज्या गुणानं तिला तारलं त्याच गुणानं तिला एकटं पाडलं होतं. दयाळू माणसाचंही असंच होतं. कुणालाच नाही म्हणता येत नाही, आणि मग ज्याच्यासाठी झटतो त्याचाच मनातून राग येऊ लागतो. बलस्थानातून मिळणारा हुरूप कमी होऊन चिडचिड वाढायला लागली की समजावं, तो गुण गरजेपेक्षा जास्त ताणला जातोय.

जिथे ही पद्धत पुरत नाही

हे सगळं लिहिताना मला एक भीती वाटते. 'तुझी बलस्थानं शोध' हे वाक्य एखाद्या पिचलेल्या माणसाच्या तोंडावर मारण्यासाठी फार सोपं आहे. म्हणून काही गोष्टी स्पष्ट बोलायलाच हव्यात.

सततचा थकवा हा स्वभावाचा प्रश्न असण्याआधी रक्ताचा असू शकतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय होता. निम्म्याहून जास्त. हिमोग्लोबिन आठवर आलं असेल तर कुठल्याही गुणातून हुरूप यायचा नाही, जिना चढतानाच धाप लागेल. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ आधी तपासून घ्या. दुखणं अंगावर काढण्याला आपल्याकडे सोशिकपणा म्हणतात, आणि त्या कौतुकापायी किती बायकांची वर्षं वाया गेली आहेत.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर कॅलेंडरवर बाण काढत बसू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलीमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

आणि तिसरी गोष्ट, वेळ. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते, घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांचे ९७. पाच तास आणि दीड तास. हा फरक कुणाच्या बलस्थानांनी भरून निघणार नाही, तो कामं वाटून घेतल्यानंच निघेल. नोकरीतल्या थकव्याचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना त्याला कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या दीर्घ ताणाशी जोडलं. तिथे माणूस बदलण्याआधी कामाचा बोजा तपासायला हवा.

मला इथे जात्यावरच्या ओव्या आठवतात. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पहाटेच्या अंधारात दळता दळता बायकांनी रचलेल्या. त्यात माहेर आहे, विठ्ठल आहे, भाऊ आहे, नवऱ्याविषयीची तक्रारही आहे. जिच्याकडे शब्द होते तिनं शब्दांवर तो भार पेलला. पण गाण्यानं जातं हलकं झालं नव्हतं. पिठाची गिरणी आली तेव्हाच ते दळण सुटलं. ओवीही लागते आणि गिरणीही लागते.

मावशीच्या घरी गिरणीच्या जागी काका आले. मंगळवारी पाच ते आठ आईचं सगळं ते बघतात. चादरीची घडी त्यांना अजून नीट येत नाही. मावशी परतल्यावर ती घडी तिरपी दिसते आणि ती तशीच राहू देते. परवा गेले तेव्हा कॅलेंडर पाहिलं. चारही मंगळवारच्या चौकोनांत तिच्या बारीक, गोल अक्षरात एकच शब्द होता: खाडा. मी विचारलं, "मंगळवारी दूध घेत नाहीस का?" ती म्हणाली, "दुधाचा नाही गं. माझा."